पॉल रोबसन : सरकारने कोंडले, आपल्यांनी एकटे पाडले

मार्च संपत आला की वस्तीवस्तीत जयंती समितीच्या बैठका सुरू होतात. ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब. मंडप, मिरवणूक, वर्गणी, भोजनदान, गाण्याचा कार्यक्रम. आमच्या वस्तीच्या समितीत मला दरवर्षी घेतात ते लाऊडस्पीकरचा परवाना काढण्यासाठी आणि पोलीस ठाण्यातले अर्ज करण्यासाठी. वकिलीचा समाजाला एवढा तरी उपयोग होतो, याचे समाधान आहे! या धामधुमीत ९ एप्रिल ही तारीख कोणाच्या लक्षात येत नाही. १८९८ साली त्या दिवशी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टन गावी, एका कृष्णवर्णीय पाद्र्याच्या घरी पॉल रोबसन जन्मले. गायक, नट, खेळाडू आणि कायद्याचे पदवीधर. समितीच्या गेल्या वर्षीच्या एका बैठकीमुळे या माणसाची मला फार आठवण येते. त्या बैठकीचे शेवटी सांगतो.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या प्रत्येक भाषणात येते. पण मुक्त झालेल्या त्या गुलामांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. रोबसन यांचे वडील त्यांच्यापैकीच एक. नॉर्थ कॅरोलिनातील मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले, पंधराव्या वर्षी पळाले, शिकले आणि पाद्री झाले. आई घरातल्या आगीत भाजून वारली तेव्हा पॉल सहा वर्षांचेही नव्हते. रटगर्स कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेले. फुटबॉलच्या सरावात पहिल्याच दिवसांत गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले. पुढे त्याच कॉलेजच्या संघातून ते देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत गेले आणि १९१९ साली निरोपाचे भाषण करण्याचा पहिल्या विद्यार्थ्याचा मानही त्यांनाच मिळाला.

नंतर कोलंबिया विद्यापीठ. हे नाव आपल्याला वेगळे सांगायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तेथे होते. रोबसन १९२० मध्ये तेथल्या कायदा शाळेत आले आणि १९२३ साली पदवी घेऊन बाहेर पडले. दोघांची भेट होण्याचा प्रश्न नव्हता. पण पदवीनंतर जे घडले ते ऐकून बडोद्याची आठवण व्हावी. रोबसन न्यूयॉर्कच्या एका वकिली फर्ममध्ये लागले. तेथील गोऱ्या स्टेनोग्राफर बाईने काळ्या माणसाकडून डिक्टेशन घेण्यास नकार दिला. बडोद्याच्या कचेरीत बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली टाकणारा शिपाई आणि ही बाई यांत फरक एवढाच की शिपायाच्या मागे धर्मशास्त्र उभे होते. रोबसन यांनी वकिली सोडली. मला वकील म्हणून याचे वाईट वाटते, आणि गाणे ऐकणारा म्हणून बरे वाटते.

१९२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज थिएटरमध्ये त्यांनी पियानोवादक लॉरेन्स ब्राऊन यांच्या साथीने एक कार्यक्रम केला. संपूर्ण कार्यक्रम कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा. त्यात मुख्य होती ती 'स्पिरिच्युअल्स', म्हणजे कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांची भक्तिगीते. त्यातला देव बायबलचा, पण दुःख मालकाच्या चाबकाचे. त्या काळी शिकलेल्या अनेक काळ्या लोकांना ही गाणी नकोशी वाटत. गुलामीची आठवण कशाला, गोऱ्यांसारखे गावे, असा विचार. आपल्याकडे फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या साहेबांना जलशाची ढोलकी ऐकून अवघडल्यासारखे होते, तसलाच हा प्रकार! रोबसन यांनी ती गाणी कॉन्सर्टच्या मंचावर, काळा सूट घालून, ताठ उभे राहून गायली. जमिनीतून यावा असा खर्जाचा आवाज. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावले.

त्यांचे जगभर गाजलेले 'ओल्ड मॅन रिव्हर' हे गाणे मात्र गुलामांचे नाही. 'शो बोट' या संगीत नाटकासाठी गोऱ्यांनी लिहिलेले, गोऱ्यांनी चाल लावलेले ते गाणे. नदीकाठी ओझी वाहणारा हमाल थकून, हार मानून गातो असे त्याचे शब्द. १९२८ मध्ये लंडनला रोबसन यांनी ते गायले आणि घराघरात पोहोचवले. पण पुढे त्यांनी त्यातले शब्द बदलले. अपमानाचा शब्द काढला, आणि हार मानणारा हमाल शेवटपर्यंत लढणारा केला. चाल तीच राहिली. सिनेमाच्या चालीवर भीमगीते बांधणाऱ्या आपल्या शाहिरांना 'चोरीच्या चाली' म्हणून हिणवणाऱ्या टीकाकारांनी या गोष्टीचा अभ्यास करावा.

लंडनमध्ये ते बराच काळ राहिले. तेथेच आफ्रिकन विद्यार्थी भेटले, वेल्सचे खाणकामगार भेटले, नेहरू भेटले. तेथेच एक चूकही झाली. 'सँडर्स ऑफ द रिव्हर' (१९३५) या चित्रपटात त्यांनी काम केले, आणि तो पडद्यावर आला तेव्हा ब्रिटिश साम्राज्याची आरती ओवाळणारा निघाला. त्याची लाज त्यांना कायम वाटत राहिली, आणि ती त्यांनी लपवली नाही. १९३८ मध्ये ते स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांपुढे जाऊन गायले. १९४३ साली ब्रॉडवेवर 'ऑथेल्लो'ची भूमिका केली, त्याचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाचा तेथला तो विक्रम होता.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. अमेरिकेला असा यशस्वी काळा माणूस दाखवायला आवडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रोबसन यांनी हिशेब मागायला सुरुवात केली आणि सगळे बिघडले. युद्धावरून परतलेल्या काळ्या सैनिकांना दक्षिणेत जमावाने ठार मारण्याचे प्रकार सुरू होते. १९४६ साली शिष्टमंडळ घेऊन ते अध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि लिंचिंगविरुद्ध कायदा करा म्हणाले. कायदा झाला नाही. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. हे डुबॉइस म्हणजे रोबसन यांचे ज्येष्ठ सहकारी. पुढे १९५१ च्या डिसेंबरात 'वुई चार्ज जेनोसाइड' हा अर्ज न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र कार्यालयात नेऊन देणारे रोबसनच होते. आपल्या सरकारवर वंशसंहाराचा आरोप ठेवणारा तो अर्ज होता. म्हणजे आपला प्रश्न जगाच्या दरबारात कसा मांडावा, याचा शोध दोन समाजांचे लोक एकाच काळात घेत होते.

आता मुख्य गोष्ट. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत रोबसन बोलले. वृत्तसंस्थेने बातमी धाडली, तिचा अर्थ असा की, ज्या देशाने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या छळले त्या देशासाठी काळे लोक सोव्हिएत रशियाशी लढणार नाहीत, असे रोबसन म्हणाले. प्रत्यक्षातले शब्द वेगळे होते, हे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. पण त्याला कोण विचारतो? वाक्य फिरवायचे आणि माणूस देशद्रोही ठरवायचा, हा धंदा जुना आहे. अमेरिकन संसदेच्या 'अन-अमेरिकन' कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने लगेच काळ्या समाजातील नामवंतांना साक्षीला बोलावले.

१८ जुलै १९४९ रोजी साक्षीला आले जॅकी रॉबिन्सन. मोठ्या बेसबॉल संघात १९४७ साली शिरलेला त्या शतकातला पहिला काळा खेळाडू. वाचकहो, येथे थोडे मागे जावे लागेल. डिसेंबर १९४३ मध्ये बेसबॉलच्या मालकांपुढे आणि आयुक्तांपुढे जाऊन, काळ्या खेळाडूंना दार उघडा, अशी मागणी करणाऱ्या शिष्टमंडळात कोण होते? पॉल रोबसन! ते दार उघडल्यावर आत गेलेला माणूस सहा वर्षांनी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. रॉबिन्सनवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांच्या साक्षीचा मोठा भाग वर्णभेदाचा धिक्कार करणारा होता. पण वर्तमानपत्रांनी तो भाग आत ढकलला आणि रोबसनविरुद्धची दोन वाक्ये पहिल्या पानावर घेतली. साक्ष कशी वापरली जाते हे साक्षीदाराच्या हातात नसते, हे कोर्टात आम्ही रोज पाहतो. रॉबिन्सन यांनी १९७२ साली, मृत्यूच्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात, आज आपण तशी साक्ष दिली नसती आणि रोबसन यांच्याबद्दलचा आदर वाढला आहे, अशा अर्थाची कबुली दिली. तेवीस वर्षे उशिरा.

त्या साक्षीनंतर सहाच आठवड्यांनी, २७ ऑगस्ट १९४९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील पीकस्किलजवळ रोबसन यांचा कार्यक्रम जमावाने उधळला. ४ सप्टेंबरला ते पुन्हा तेथेच गेले आणि गायले. कामगार संघटनांच्या माणसांनी मैदानाभोवती कडे केले होते. कार्यक्रम पार पडला, पण परतणाऱ्या मोटारी आणि बसगाड्यांवर रस्त्याच्या दुतर्फा दगड पडले. शंभरावर लोक जखमी झाले. पोलीस पाहत होते. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५० मध्ये परराष्ट्र खात्याने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. ते कोर्टात गेले. सरकारतर्फे जो लेखी युक्तिवाद झाला, त्यात हा माणूस वर्षानुवर्षे आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी काम करतो हेही कारण दिले होते! गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही. तरी आठ वर्षे देशाच्या तुरुंगात. देशात तरी गाता यावे? सभागृहे मिळेनात, रेडिओ बंद, दुकानांतून रेकॉर्डी गेल्या, एफबीआयची माणसे मागावर. वर्षाला लाख डॉलरच्या घरात असलेली कमाई काही हजारांवर आली.

कॅनडात जायला अमेरिकन माणसाला तेव्हा पासपोर्ट लागत नसे. तरी १९५२ च्या सुरुवातीला त्यांना सीमेवर अडवले. व्हँकुव्हरच्या खाणकामगार संघटनेच्या अधिवेशनासाठी ते टेलिफोनवरून गायले. मग १८ मे १९५२ रोजी सीमेवरच्या 'पीस आर्च' या कमानीजवळ, अमेरिकेच्या हद्दीत ट्रकवर उभे राहून त्यांनी पलीकडच्या कॅनडातील लोकांसाठी कार्यक्रम केला. लोक किती जमले? कमीत कमी सांगणारे वीस हजार म्हणतात. पुढची तीन वर्षे हा कार्यक्रम तेथेच होत राहिला. १९५६ मध्ये अटलांटिक समुद्राखालून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २६ मे १९५७ रोजी, रोबसन न्यूयॉर्कमधून गायले आणि लंडनच्या सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये भरलेल्या सभेने ते ऐकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेल्समधील पोर्थकॉल येथे खाणकामगारांच्या गायन महोत्सवात ते असेच फोनवरून गायले आणि पलीकडून हजारो वेल्श गळ्यांनी त्यांना उत्तर दिले. माणूस अडवता आला, तार अडवता आली नाही.

त्यांच्या सुटकेची हकीगत वकिलांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्यांचा स्वतःचा खटला तांत्रिक मुद्द्यांवर अडकत गेला. दार उघडले ते दुसऱ्याच्या दाव्याने, आणि तो दुसरा चित्रकार होता. रॉकवेल केंट. त्यांचाही पासपोर्ट विचारांपायी नाकारला होता. १६ जून १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की, प्रवास करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि माणसाची मते पाहून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्याला संसदेने दिलेला नाही. केवळ एका मताने! रोबसन आणि डुबॉइस दोघांनाही पासपोर्ट मिळाले. हाच 'केंट विरुद्ध डलेस' निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सॉनी प्रकरणात आणि १९७८ साली मनेका गांधी प्रकरणात चर्चेला घेतला. अनुच्छेद २१ ची आज आपण सांगतो ती व्याप्ती मनेका गांधी निकालापासूनची. बाबासाहेबांनी संविधानात लिहिलेल्या 'व्यक्तिस्वातंत्र्य' या शब्दाचा अर्थ लावताना अमेरिकेतल्या एका बंडखोर चित्रकाराची फाइल कामी आली, हे मी ज्युनियर वकिलांना मुद्दाम सांगतो.

मुंबईचाही येथे संबंध आहे. एप्रिल १९५८ मध्ये रोबसन साठ वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. भारतात त्यांच्या वाढदिवसासाठी समिती झाली, अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. नेहरूंनी गौरवाचे निवेदन काढले. अमेरिकन अधिकाऱ्यांनी हे होऊ नये म्हणून खटपट केली, पण कार्यक्रम झाला. नेहरूंवर आमची टीका पुष्कळ आहे, पण येथे त्यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे.

आता रोबसन यांच्या चुकीकडे. ते स्टालिनच्या रशियाचे अखेरपर्यंत समर्थक राहिले. १९४९ साली मॉस्कोत ज्यू कवी इत्झिक फेफर यांना त्यांच्या भेटीला तुरुंगातून आणले होते. फेफर यांनी खुणांनी परिस्थिती सांगितली. रोबसन यांनी त्यानंतरच्या मॉस्कोच्या कार्यक्रमात वॉर्सा घेटोच्या लढ्याचे ज्यू गीत गायले, हे धैर्यच होते. पण अमेरिकेत परतल्यावर ते बोलले नाहीत. शत्रूच्या हाती कोलीत नको, असा त्यांचा हिशेब असावा. १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९५३ मध्ये स्टालिन वारला तेव्हा रोबसन यांनी त्याचा गौरव केला. मला हे पटत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना साधनांचा प्रश्न विचारला होता : ध्येय चांगले म्हणून हिंसा आणि हुकूमशाही चालेल काय? रोबसन यांनी तो प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

पण त्यांची ही चूक होती, म्हणून त्यांच्या समाजाच्या पुढाऱ्यांनी जे केले ते बरोबर ठरते काय? काळ्यांच्या हक्कांची सर्वात मोठी संघटना एनएएसीपी. तिचे मासिक 'द क्रायसिस' डुबॉइस यांनीच सुरू केलेले. १९५१ मध्ये याच मासिकात रोबसन यांना वाट चुकलेला मेंढपाळ ठरवणारा लेख आला, तोही टोपणनावाने! संघटनेला भीती होती की रोबसन यांच्यामुळे आपल्यावरही लाल शिक्का बसेल आणि कोर्टात चाललेले शाळांचे खटले धोक्यात येतील. ही भीती खोटी नव्हती. १९५४ चा शाळांचा निकाल त्यांनी मिळवला, तो ऐतिहासिक होता. मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न वकील म्हणून मला सोपा वाटत नाही. एवढे मात्र दिसते की, सरकारने पासपोर्ट घेतला तरी रोबसन कमानीजवळ उभे राहून गायले, तारेतून गायले. आपल्या माणसांनी पाठ फिरवली तिला मात्र त्यांच्याजवळ तोड नव्हती. हार्लेमची काही चर्चेस, थोडी वर्तमानपत्रे, काही कामगार संघटना एवढेच उरले. पुढे त्यांना नैराश्याच्या आजाराने गाठले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मोर्चा निघाला तेव्हा ते पूर्व जर्मनीत दवाखान्यात होते. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात गेले. २००४ साली अमेरिकन सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता ती बैठक. गेल्या वर्षी गाण्याच्या कार्यक्रमासाठी एका शाहिरांचे नाव पुढे आले. तीस वर्षे हा माणूस पेटी गळ्यात अडकवून गावोगाव भीमगीते गातो. माझ्या लहानपणी विहारासमोर त्यांच्याच गाण्याने मिरवणूक निघायची. बैठकीत एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ते लाल बावट्याच्या सभेत गायले होते, त्यांना बोलवू नका. दुसरा म्हणाला, आधीच आपल्याला नक्षलवादी ठरवायला लोक टपलेत, कशाला भानगड? कोणी विचारले नाही की त्यांनी तेथे काय गायले. नाव कापले गेले. ऑर्केस्ट्रा ठरला. बैठकीत माझ्याशेजारी शाळेतले गुरुजी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी कागदाकडे पाहिले. रोबसन यांचे चरित्र तोवर माझे दोनदा वाचून झाले होते.

बुद्धपौर्णिमेला विहारात ते शाहीर भेटले. वाकून "जयभीम वकीलसाहेब" म्हणाले. मला वाटले आता विषय काढतील. त्यांनी एवढेच विचारले, "परवाना दहापर्यंतचाच मिळाला होता का हो? ऑर्केस्ट्रा मध्येच बंद पडला म्हणे."

यंदाची बैठक येत्या रविवारी आहे. पहिले नाव मी सुचवणार आहे, आणि कारण विचारले तर हाच लेख वाचून दाखवणार आहे.